पिठावरची पैठणी

आत्या, पीठ मी स्वतः चाळलं होतं, हे आधी सांगून टाकते. वस्त्रगाळ चाळलं होतं. नंतर कुणी म्हणायला नको की पत्रकं वाटणाऱ्या पोरीनं सवयीप्रमाणं तिखटमीठ लावलं.

तुला नेल्यावर, जिथं जीव गेला त्या जागेवर पीठ पसरायचं, शेजारी दिवा ठेवायचा, वर कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घालायचं आणि सकाळी उघडून बघायचं की पिठात कशाचा ठसा उमटलाय. पाखराचा पाय दिसला तर माणूस पाखराच्या जन्माला गेलं, खूर दिसला तर गाईच्या. तुला हे मी काय सांगणार! गल्लीत कुणाच्या हळदीकुंकवाला तुला कधी आवतण आलं नाही, पण अशी पिठं पसरायला तुला हमखास बोलवायचे.

मला हे मान्य नव्हतं आणि मी तसं मोठ्यानं म्हटलं. तुझी जाऊ हौसाबाई म्हणाली, नको करूस, मी करते. तेव्हा मी अट घातली की करायचंच असेल तर माझ्या हातानं होईल. माझा हेतू सरळ होता. सकाळी कोरं पीठ अख्ख्या गल्लीला दाखवायचं आणि विषय मिटवायचा. मी खिडकी लावून घेतली. उंदीर शिरू नये म्हणून डालग्यावर पाटा ठेवला. दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला लावली.

सकाळी बायका जमल्या. मी पाटा उतरवला, डालगं उचललं. पिठात एक रेघ होती. तुझं डोकं होतं तिथून निघून उंबऱ्याकडं गेलेली. रेघेच्या दोन्ही अंगांना एकाआड एक पानांचे ठसे होते, आणि टोकाला अजून न उलगडलेल्या पानाची सुरळी. मग हौसाबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "बाई वेल झाली."

मी वर पाहिलं. तुला बाहेर काढताना माणसांच्या खांद्यांना लागत होत्या म्हणून खिडकीतल्या तुझ्या वेलीच्या लोंबत्या फांद्या मीच गोळा करून खुंटीला सुतळीनं बांधल्या होत्या. गाठ होती तशी होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं की ही उंदराची शेपटी, आणि बाजूला त्याचे पाय. बायकांनी माना हलवल्या, लहान पोराचं बोलणं ऐकून हलवतात तशा. पाटा जागचा तसूभर हलला नव्हता, हे मात्र मी बोलले नाही.

आता त्या वेलीबद्दल. ती तू विकत आणली नव्हतीस, कुणी दिलीही नव्हती. कालव्याच्या कडेला साहेबलोकांचा बंगला आहे, तिथल्या माळ्यानं व्हरांड्यातल्या कुंड्या साफ करून कचरा भिंतीबाहेर टाकला होता. तू शेण्या घेऊन परत येत होतीस. शेणीवर ठेवून एक वाळकी फांदी घरी आणलीस. मी तेव्हा शाळेसाठी काटेवाडीहून येऊन तुझ्याकडं राहत होते. मला वाटलं, आत्याला ऊन लागलं. पण आठवडाभरात त्या मेल्या फांदीला पान फुटलं. वरून हिरवं, त्यावर रुपेरी पट्टे, आणि उलटं करून पाहिलं तर जांभळं, वांग्यासारखं गडद. तू पान बोटांत धरून उलटसुलट करत राहिलीस आणि म्हणालीस, "पैठणी हाय गं ही."

नाव तेच पडलं. तुझं लग्न झालं तेव्हा तुला पैठणी घेतली होती म्हणे, आणि मामा, म्हणजे तुझा नवरा, वर्षाच्या आत गेल्यावर ती सासूबाईंनी काढून घेतली. पुढं फिकं लुगडं, मोकळे हात, पांढरं कपाळ. हे मी तुझ्या वतीनं रागानं बोलायची तेव्हा तू वेलीला पाणी घालत असायचीस. एकदा पाठ न वळवता म्हणालीस, "रंग माज्या अंगाला चालत न्हाय. भिंतीला चालतो की. भिंतीचा कुठं नवरा मेलाय?"

मला हसू आलं होतं. आणि लगेच हसल्याचा संताप आला होता.

तू उसाच्या घरातली लेक. त्यामुळं त्या नाजूक वेलीला तू ऊसच समजत होतीस. फांदीच्या पेराला डोळा म्हणायचीस, तोडलेल्या तुकड्याला टिपरी. दोन डोळ्यांची टिपरी घ्यायची, एक डोळा मातीत, एक वर. तुपाच्या रिकाम्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडायची, तळाला खापराचे तुकडे, वर कालव्याचा गाळ आणि चाळलेलं शेणखत. पाणी बोट घालून बघितल्याशिवाय नाही. भर उन्हात ठेवली की रंग उडतो, अंधारात ठेवली की पट्टे जाऊन नुसती हिरवी होते, म्हणून ती खिडकीच्या आतल्या अंगाला, उजेड दिसेल पण अंगावर येणार नाही अशी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेंडा खुडायचा. मला तो खुडायला जीव व्हायचा नाही. तू चिडायचीस. म्हणायचीस, न खुडता वाढू दिली तर लांबच लांब जाते आणि वरून उघडी पडते, म्हातारीच्या डोक्यावाणी. खुडलेला शेंडा त्याच डब्यात खोचायचा, म्हणजे वेल म्हातारी होतच नाही.

तुझ्या दारावरून जाताना लोक थांबायला लागले. आणि मग चोऱ्या सुरू झाल्या.

चोरून आणलेलं रोप जोमानं लागतं, ही समजूत सगळीकडंच आहे. पण आपल्या गल्लीत त्या समजुतीची फार सोय झाली. विधवेच्या हातून हिरवं काही घ्यायचं नसतं. घेतलं तर आपल्या कुंकवाला धक्का. मग चोरायचं, म्हणजे हात लागत नाही आणि वेलही मिळते. कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाई, तेल्याची सून, रामाच्या देवळाजवळच्या दोघी जणी, सगळ्या भर दुपारी चोर झाल्या. आणि तू काय केलंस? त्यांच्या वेळेला दार उघडं टाकून, पाठ करून तांदूळ निवडत बसायला लागलीस. एकदा मास्तरीणबाईंच्या कोपरानं डबा वाजला, तर तू आतून नसलेल्या मांजराला शिव्या दिल्यास, बाईंना धीरानं फांदी तोडता यावी म्हणून. मी माजघरात बसून हे पाहत होते. माझ्या अंगाची लाही झाली.

मी पत्रक लिहिलं. अजून पाठ आहे मला. 'विधवेचा हात अशुभ, मग विधवेची वेल शुभ कशी? बारामतीच्या सौभाग्यवतींनी उत्तर द्यावे!' खाली नावं घालणार होते. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यानं मथळा जुळवूनही ठेवला होता. तुला वाचून दाखवलं. तू सगळं ऐकून घेतलंस आणि विचारलंस की हे वाटल्यावर काय होईल. मी म्हटलं, त्यांना लाज वाटेल. "आन मग?" मग चोऱ्या थांबतील. तू म्हणालीस, "मग माज्या दारात कोन येनार?"

मी खूप बोलले. हा मान नव्हे, ही भीक आहे, तू त्यांना चोर बनवतेस आणि स्वतःला कोडगी. तू ऐकत होतीस. एवढंच म्हणालीस की मागितली असती तर मी काय दिली नसती का. आणि मग, "माज्या मागं काय छापायचं ते छाप." आपला वाद तिथं थांबला. तो मिटला नव्हता. मी पुढं संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना गावोगाव फिरायला लागले, येईन तेव्हा तू जेवू घालायचीस, मी कधीतरी तो विषय काढायची, तू पाणी घालायला उठायचीस. मला वाटायचं, वेळ आहे.

तर आता 'माझ्या मागं' आलंय, आणि ऐक काय चाललंय.

ठशाची बातमी दुपारपर्यंत कालव्यापलीकडं गेली. दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाईंच्या खिडकीत मला तुझी वेल दिसली, आणि डब्याला हळदकुंकू लावलेलं होतं. मी थांबून नीट पाहिलं. ताजं होतं. मग तेल्याच्या घरी, मग देवळाजवळ. ज्या कपाळाला तुम्ही जन्मभर बोट लावलं नाहीत, त्याच्याऐवजी तुम्ही आता डब्याला टिळा लावता? हे मी मास्तरीणबाईंना दारात उभं राहून विचारलं. त्या रागावल्या नाहीत. घाबरलेल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "तू हात लावून बघ, थंड लागते. माणसाच्या हातासारखी." मी हात लावला. थंडच होती. ओल्या डब्यातली वेल थंड लागणारच.

सभेसाठी इंदापूरला गेले. ज्या घरी चहाला बसवलं, तिथं ओट्यावर तीच वेल. त्या बाईला माझं तुझं नातं माहीत नव्हतं. तिला ती तिच्या बारामतीच्या बहिणीकडून मिळालेली, अर्थात चोरूनच. म्हणाली, "परवापासनं हिनं तोंड फिरिवलंय बगा. उन्हाकडं पाठ." खरंच, सगळे शेंडे ओट्यावरचं ऊन सोडून आतल्या अंधाराकडं वळले होते. वेल उजेडाकडं जाते, हे शेंबडं पोरही सांगेल. मी डबा उचलून फिरवला, शेंडे उन्हाला केले. चहा संपवून उठले तेव्हा त्यातली एक फांदी परत आत लोंबत होती. वारा असेल. त्या दिवशी वारा नव्हता, पण असेल.

सभेत मी काय बोलले ते मला आठवत नाही. लोक म्हणतात बरं बोलले.

तुझ्या तेराव्यानंतर खोली बंद होती. किल्ली माझ्याकडं, कारण माझी ट्रंक आत होती. गणपतरावांना, तुझ्या दिरांना म्हणजे हौसाबाईच्या यजमानांना, खोलीला चुना देऊन भाडेकरू ठेवायचा होता. डबे, दोऱ्या, वेल, सगळं काढून टाकायला त्यांनी पिंपळी गावचा एक गडी आणला. मी किल्ली दिली. गडी खुरपं घेऊन आत गेला, आणि तसाच पाठमोरा बाहेर आला. चहा पण घेतला नाही त्यानं. गणपतरावांनी दुसऱ्याला विचारलं, तो आलाच नाही. मग त्यांनी मला बोलावलं. दारात पाच-सहा बायका होत्या, हौसाबाई होती. सगळ्यांसमोर ते म्हणाले, "तू असलं कायबी मानत न्हाईस न्हवं? मंग तूच उपट. आमची छाती न्हाय, तुजी हाय."

बघ आत्या, कशी पकडली त्यांनी मला. उपटली तर तुझं जे काही उरलंय ते माझ्या हातानं गेलं. नाही उपटली तर उद्यापासून तालुकाभर माझ्या बोलण्याला कुत्रं विचारणार नाही. आणि बायकांच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसत होतं, त्यांना मी ती उपटायला हवी होती. म्हणजे भीती संपली असती. घरच्या वेली त्यांनी निवांत उकिरड्यावर टाकल्या असत्या आणि तुला विसरून गेल्या असत्या.

मी आत गेले. खिडकी मीच लावलेली, तशीच बंद. मला वाटलं होतं, वेल सुकून काडी झाली असेल. पाणी घालायला कुणी नव्हतं. मी डब्यात बोट घातलं. माती ओली होती. खुंटीला सुतळी होती, गाठ सुद्धा होती, पण त्या गाठीत काही नव्हतं. फांद्या सुटून खाली आल्या होत्या आणि जमिनीवरून सरकत, तुझं डोकं होतं त्या जागेपर्यंत गेल्या होत्या. तिथं जाऊन थांबल्या होत्या. एकही पान चुरगळलं नव्हतं. आणि त्या अंधारात, जिथं तिनं हिरवी पडायला हवं होतं, ती जांभळी झाली होती. इतकी जांभळी मी तिला कधी पाहिली नव्हती.

मी घाबरले का? लोक विचारतात म्हणून सांगते. हो, घाबरले. पण उपटायला हात उठला नाही त्याचं कारण ते नव्हतं. मला एकदम दिसलं की या घरात जांभळा रंग असलेली एवढी एकच तुझी वस्तू आहे, आणि हे लोक ती माझ्याकडून काढून घ्यायला लावतायत. तुझ्या सासूनं केलं तेच काम, फक्त आता पुरोगामी हातानं.

मी बाहेर येऊन सांगितलं की मी उपटणार नाही. कुणीही उपटायची नाही. ही चंद्रभागाबाईंची वेल आहे. आणि आजपासून चोरायचीही नाही. जिला हवी तिनं दारात यावं, चंद्रभागाबाईंचं नाव घेऊन मागावी, मी तोडून हातात देईन.

"म्हंजी भ्याली," गणपतराव म्हणाले. बायका हसल्या. मोकळं हसल्या त्या, पुष्कळ दिवसांनी. कुणीतरी म्हणालं, सभेत लई ताठ असती, हितं येलीनं वाकिवली. मला उत्तरं सुचत होती. एकापेक्षा एक चांगली. मी एकही दिलं नाही. ते हसू संपेपर्यंत तिथं उभं राहणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड भाषण होतं, आणि ते मी तोंड बंद ठेवून केलं.

हसू संपलं तेव्हा हौसाबाई पुढं आली.

तुला तिचं काय ते ठाऊक आहे. एका भिंतीच्या दोन बाजूंना तुम्ही दोघींनी जन्म काढलात. तिनं तुला हाक मारल्याचं मी कधी ऐकलं नाही. तुझ्याबद्दल बोलायची ती 'पलीकडची' म्हणून. सणाला ताट पाठवायची ते पोराच्या हातून. तिचं कुंकू मोठं, नेहमी ठसठशीत. ती पुढं आली, दोन्ही हात पुढं केले आणि म्हणाली, "चंद्राबाईची एक टिपरी दे मला."

गणपतराव गरजले की घरात आणायची नाही. ती त्यांच्याकडं न बघता म्हणाली, "माज्या जावंची हाय."

मी दोन डोळ्यांची टिपरी तोडून तिच्या ओंजळीत ठेवली.

नंतर कळलं की तिनं ती लावलीच नाही. हिंमत झाली नाही. तुमच्या दोघींच्या मधल्या भिंतीच्या फळीवर, पितळेच्या डब्यांमागं ठेवून दिली. ना माती, ना पाणी. परवा तिनं मला घाईनं बोलावून नेलं आणि डबा सरकवून दाखवलं. टिपरीला मुळं फुटली होती, पांढरी, केसासारखी, आणि ती भिंतीच्या पोपड्यात शिरली होती. नवं पान तुझ्या खोलीकडं तोंड करून उभं होतं. असल्या वेली अंगातल्या ओलाव्यावर महिनाभर जगतात, हे मी तिला समजावून सांगितलं. ते खरंही आहे. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते ऱ्हाऊ दे. पर म्या आता हिच्याशी काय करू?" माझ्या तोंडून निघून गेलं, की बोला तिच्याशी.

खोलीला भाडेकरू मिळालेला नाही. मी बारामतीत असते तेव्हा तिथंच राहते. कालपासून तुझ्याबद्दलचं ते पत्रक काढून बसलेय. तू परवानगी देऊन गेलीस, मथळा तयार आहे, आणि लिहायला घेतलं की खाली कुणाची नावं घालायची तेच कळत नाही. मास्तरीणबाई काल दारात आल्या होत्या. तुझं नाव घेताना अडखळल्या, पण घेतलं.

आणि दुपारी, जेवणं आटपली की, भिंतीपलीकडून हौसाबाईचा आवाज येतो. हळू बोलते. आज काय शिजवलं, गणपतराव कशावरून तापले, थोरलीचं पत्र आलं नाही. मग ती थांबते. बरोबर तेवढंच, समोरच्या माणसाचं उत्तर व्हावं इतकं. आणि म्हणते, "व्हय गं. खरंय तुजं."

मी भिंतीला कान लावून बसते, आत्या. वाद माझा राहिलाय तुझ्याशी, तिचा नाही. या बाजूला मला तुझं काहीच ऐकू येत नाही.